कंट्रोल चालू आहे

दिघे बाई बसत नसत. खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. पोहे उभ्याने, कॉलेजच्या वह्या तपासणं उभ्याने, आणि विचार करायचा असला की जिना. आमचा जिना सतरा पायऱ्यांचा. वर जायच्या, खाली यायच्या, परत वर. चपलांच्या बाहेरच्या कडा झिजून तिरक्या झालेल्या. खाली दुकानात मी मोटरीत कॉइल भरत असायचो आणि डोक्यावर हे पट् पट् पट्. एकदा ओरडलो, "बाई, एक तर वर राहा, नाहीतर खाली!"

जिन्यातूनच उत्तर आलं, "भाऊ, मला मधेच सुचतं हो."

उज्जैनच्या माधवनगरात आमचं घर. पुढे माझं मोटर वाइंडिंगचं दुकान, मागे मी आणि बायको कमल, वर एक खोली आणि गच्ची. मूलबाळ नाही. मी सातवी शिकलो, कमल चौथी, तीही देवासच्या मराठी शाळेत. बाई तिच्या माहेरच्या गल्लीतल्या, म्हणून खोली दिली. नाहीतर एकट्या बाईमाणसाला खोली द्यायला मी तयार नव्हतो, खरं सांगतो. मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. वय तेव्हा सदतीस-अडतीस. लग्न केलं नाही, का केलं नाही ते आम्ही विचारलं नाही, आणि आम्हाला मूल का नाही ते त्यांनी विचारलं नाही. मोहल्ल्यात हे न विचारणाऱ्या त्या एकट्याच.

कमल गेली त्याला येत्या चैत्रात वर्ष होईल. भेटायला येणाऱ्यांचं एकच. आधी कळलं नाही का? इंदूरला का नेलं नाही? मीठ जास्त खात होती का? दोघांना मी दाराबाहेर काढलं. तेव्हापासून बाई डोक्यात येऊन जिना चढउतार करतात. त्यांचं एक राहिलंय माझ्याकडे, म्हणून लिहितोय.

आल्या तेव्हा सामान काय, तर एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि भैरवगढच्या छापाच्या चार सुती साड्या. दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर आला. तेव्हा उज्जैनात रोज काही ना काही नवं येत होतं. गच्च्यांवरून केबलच्या तारा, बाजारात एसटीडीचा बूथ, तीन महिन्यांत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या. लोक कॉम्प्युटर घ्यायचे ते क्लास काढून कमवायला. बाईंनी घेतला तो समुद्रासाठी.

"उज्जैनात समुद्र?" कमल हसून हसून ओट्याला टेकली.

मी विचारलं, "तुम्ही पाहिलाय तरी का?"

"दोनदा."

"बस्स?"

"भाऊ, बघून काय कळतं? वरून नुसत्या लाटा दिसतात. माझं काम खालच्या पाण्याशी."

त्यांचं काम काय ते मला कळायला वर्ष लागलं. मला कळलं तसं सांगतो. समुद्रात वरचं ऊबदार पाणी उत्तरेकडे जातं, तिथे गार होतं, जड होतं, बुडतं, आणि तळातून परत येतं. एक फेरी व्हायला शेकडो वर्षं. मीठ जास्त असेल तर पाणी आणखी जड, आणखी बुडणार, फेरीला जोर येणार. जोर आला की वरचं ऊबदार पाणीही जास्त येणार, ते हलकं, मग बुडणं कमी. म्हणजे मीठ जोर देतं, ऊब जोर काढून घेते, आणि दोन्ही एका वेळी पोहोचत नाहीत. म्हणून फेरी कधी जोरात, कधी मंद. बाईंच्या मशिनीत एक छोटा, चौकोनी समुद्र होता, नुसता आकड्यांचा. त्यात सूर्य दर वर्षी तोच, पाऊस तोच, वारा तोच. बाहेरून काहीही बदलायचं नाही. तरीही त्यांचा समुद्र साठेक वर्षांत एक हेलकावा घेत होता.

"कळलं," कमल म्हणाली. "घरातलं भांडण. बाहेरचं कुणी आलं नाही तरी चालूच."

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठा जमवून त्याच्या वह्या करायच्या, त्यातल्या एकीत.

सुरुवातीचे तीन महिने मशीन चालून जे आलं ते त्यांनी फेकून दिलं. मी हळहळलो. "एवढी लाईट जाळली ती फुकट?"

"फुकट नाही. समुद्राला आधी स्वतःची सवय व्हावी लागते."

"मुरायला लागतो, असं सांगा ना," कमल म्हणाली. "लोणचं घातल्या दिवशी का खातात?" तेव्हापासून बाईसुद्धा म्हणायच्या, समुद्र मुरतोय. मुलींना वर्गातही तसंच शिकवलं असणार.

माझं त्यांच्याशी भांडण झालं ते या हेलकाव्यावरून. मी वाइंडिंगच्या जोडीला स्टॅबिलायझर बनवायचो. माझा धंदाच तो. आत येणारं सरळ असेल आणि बाहेर पडणारं हलत असेल तर मशीन खराब. त्यात वाद नाही. मी तसं तोंडावर सांगितलं. "तुमचा सूर्य सरळ, वारा सरळ, आणि पाणी डोलतंय. मतलब डबा खराब. उघडा, बघतो मी."

बाईंचा चेहरा पडला. मग जिना सुरू. वर, खाली, वर. चौथ्या फेरीला माझ्यापुढे थांबल्या. "भाऊ, तुमची नाडी बघू."

मनगट धरलं, घड्याळ बघितलं. मला जिन्यावरून पळायला लावून परत मोजली असती तर मी समजलो असतो. तसं नाही. मला तिथेच स्टुलावर बसवून दर थोड्या वेळाने मोजली. सारखी वेगळी.

"बसूनच आहात ना? काही बदललं नाही ना? मग तुम्हाला उघडून बघू का?"

मी वाद सोडून कॉइल हातात घेतली. पण पटलं असंही नाही. शंका माझ्यात राहिली, ती शेवटपर्यंत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी काही न करता काय होतं ते बघा." दूध नासलं, नळ गेला, परीक्षेत मुली नापास झाल्या, सगळ्याला तेच. शेजारचे बँकेतले जोग एकदा म्हणाले, "म्हणजे मॅडम, ते पेपरात येतं ना, पृथ्वी तापतेय, कारखान्यांमुळे वगैरे, ते सगळं आपोआपच म्हणायचं. आपली काही चूक नाही." बाई इतक्या भडकल्या की हातातली बशी कलंडली.

"असं मी कुठे म्हटलं? माणसाने केलंय. पण किती केलंय ते मोजायचं तर समुद्र आपला आपण किती हलतो ते आधी वजा करायला नको? न केलेलं वजा केल्याशिवाय केलेलं दिसत नाही, जोगसाहेब!"

जोगांनी बशी सरळ केली आणि निघाले.

कमलचं डोकं दुखायचं. लग्नापासून. दोन-दोन दिवस अंधारात पडून राहायची. सासू असताना म्हणायची चिंचेमुळे, शेजारणी म्हणायच्या नजर, मी म्हणायचो ऊन आणि हट्ट. बाईंनी तिला एक कॅलेंडर दिलं आणि लाल पेन्सिल. दुखेल त्या दिवशी फुली, बाकी काय खाल्लं, कुठे गेली, कुणाशी भांडली ते बाजूला. सहा महिने. मग दोघी गच्चीवर ते घेऊन बसल्या, म्हणजे कमल बसली. उपास केला तेव्हाही दुखलं, नाही केला तेव्हाही. चिंच खाऊन नाही दुखलं, न खाता दुखलं.

"वहिनी," बाई म्हणाल्या, "यात तुम्ही केलेलं काही नाही."

कमल खाली आली आणि कांदे चिरायला लागली. बराच वेळ चिरत होती. चारच कांदे होते. औषधाने जेवढं बरं वाटलं नसतं तेवढं तिला त्या वाक्याने वाटलं. डोकं मात्र दुखतच राहिलं.

आता ती पाटीची गोष्ट. बाहेरून काही न बदलता मशीन चालवायचं, त्याला त्यांच्या शास्त्रात कंट्रोल म्हणतात. आमचा मीटर जिन्याच्या दाराशी. बिजलीवाला मीटर बघायला आला की सवयीने मेन स्विच खालीवर करायचा. म्हणून बाईंनी मोठ्या अक्षरात हिंदीत कागद लिहून रस्त्याकडच्या दारावर चिकटवला: "कंट्रोल चालू है. बंद न करें."

सकाळी आठला मी दुकान उघडतो तर दाराशी अकरा बायका. हातात राशनकार्डं, पिशव्या, रॉकेलचे डबे. आमच्याकडे कंट्रोल म्हणजे राशनचं दुकान. दुसरा अर्थच नाही.

"भैया, शक्कर आई क्या?"

"यहां कंट्रोल नहीं है," मी म्हटलं.

"बाहर तो लिखा है चालू है!"

"वो दूसरा कंट्रोल है."

"दूसरा यानी? अमीरों का?"

मागून कुणीतरी ओरडलं की माल आत दडवलाय, जिन्यावर चढा. मी पक्कड उचलली. तेवढ्यात बाई खाली आल्या, केसांना पंचा गुंडाळलेला, आणि अकरा बायकांना समजवायला लागल्या. यहां कुछ मिलता नहीं, यहां हम देखते हैं कि कुछ भी न बदलो तो क्या होता है. मग पुढची एक म्हातारी डबा दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "तो बेनजी, हमारे कंट्रोल में भी येईच होता है. बरसों से कुछ नहीं बदला."

बाई इतक्या हसल्या की भिंतीला धरलं. पाटी त्यांनी काढली नाही. खाली एक ओळ वाढवली: "शक्कर नहीं है."

हे सगळं चाललं होतं ते त्यांच्या डॉक्टरकीसाठी, म्हणजे पीएचडीसाठी. पुण्याला नाव घातलेलं, वडील आजारी पडले म्हणून अर्धं सोडून यावं लागलं, आणि मुदती वाढत वाढत शेवटची मुदत आली. त्या वर्षीची दिवाळी. त्याआधी पुण्याला जाऊन परीक्षकांपुढे उभं राहायचं, नाहीतर अकरा वर्षं पाण्यात. पावसाळ्यात परीक्षकांचं पत्र आलं. बाईंनी ते मला जिन्यात उभ्याने वाचून दाखवलं. उज्जैनला लाईट सारखी जाते असं तुम्हीच लिहिलंय. दर वेळी मशीन बंद पडतं, परत चालू करताना आकडे थोडे कापले जातात, म्हणजे समुद्राला दर वेळी बाहेरून धक्का बसतो. तुमचा हेलकावा हा समुद्राचा कशावरून? तुमच्या बिजलीचा कशावरून नाही?

मीही हेच म्हटलं होतं. जरा वेगळ्या शब्दांत. त्या वेळी ते आठवून मला चांगलं वाटलं नाही.

"उपाय?" मी विचारलं.

"चाळीस दिवस न थांबता चालवायचं. एकही धक्का नाही. तरी हेलकावे आले तर ते समुद्राचे."

"माधवनगरात चाळीस दिवस लाईट?"

"ते तुमच्याकडे, भाऊ."

मी दोन ट्रकच्या बॅटऱ्या आणल्या, इन्व्हर्टर स्वतःच्या हाताने भरला. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं. दिवसाला बारा वर्षं समुद्र पुढे जायचा. लाईट जायची, माझा इन्व्हर्टर टक् करून उचलायचा, वरचा पंखा घरघरत राहायचा. बाई कॉलेजातून येताना कोपऱ्यावरूनच विचारायच्या, "चालू?" आणि मी दुकानातून, "चालू!" सगळा मोहल्ला विचारायला लागला. दूधवालासुद्धा.

विसाव्या दिवशी ट्रान्सफॉर्मर जळाला. सकाळी दहाला लाईट गेली ती गेलीच. दुपारी दोनला इन्व्हर्टर शिट्टी मारायला लागला, बॅटऱ्या बसत आल्या. दुकानापुढे एक शेतकरी पंपाची जळालेली मोटर घेऊन ट्रॅक्टरवर आलेला. तो ट्रॅक्टर बंद करणार तोच मी ओरडलो, "बंद मत करना!"

"क्यूं काका?"

"ऊपर समुंदर चल रहा है." मी जाड वायरी काढून त्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडल्या आणि जिन्याने वर नेल्या.

त्याने गच्चीकडे बघितलं. "पाणी तो नी दिखे."

संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर फटफटत होता. कमलने त्याला चार वेळा चहा दिला, मी मोटर फुकट भरून देतो म्हटलं. बाई कॉलेजातून धावत आल्या, जिन्यात तारांचं जाळं बघून विचारलं, "चालू?"

"चालू."

त्या त्या शेतकऱ्याच्या पाया पडायला वाकल्या. तो घाबरून ट्रॅक्टरवरच चढला.

बत्तिसाव्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे हा दिवस मोठा. दुकानातलं ड्रिल, ग्राइंडर, वाइंडिंगचं मशीन, पकडी, टेस्टर, सगळं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ. त्या दिवशी यंत्राला काम नाही. आणि माझा एक नियम. चालू मशिनीला हात लावायचा नाही. पुसायचं असो, कुंकू लावायचं असो, आधी स्विच बंद. लग्नाच्या पहिल्या वर्षी चालू ग्राइंडरला हळद लावताना कमलला शॉक बसला होता. मी तिला चार लोकांपुढे झापलं होतं. त्यानंतर ती एकदाही चुकली नाही.

बाई सकाळीच देवासला आईकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "भाऊ, लक्ष असू द्या." मी म्हटलं, "बिनघोर जा."

मी पाटावर हत्यारं मांडत होतो. कमल ताट घेऊन मागे उभी. "अहो, बाईंच्या मशिनीला नको का लावायला? घरातलं सगळ्यात मोठं यंत्र ते. आजच्या दिवशी कोरडंच ठेवायचं?"

मी मान वर न करता म्हटलं, "लाव की."

थोड्या वेळाने मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कशाने ते कळेना. मग कळलं. वरचा पंखा ऐकू येत नव्हता. सतरा पायऱ्या मी कशा चढलो मला आठवत नाही. मशिनीच्या टीव्हीवर कुंकवाचं बोट, माळ, अक्षता, पुढे निरांजन. काच काळी. कमल हात जोडून उभी. माझ्याकडे वळून अगदी आनंदाने म्हणाली, "नीट बंद करून केलं हो. चालूला हात नाही लावला."

पुढचं तिला माझ्या तोंडाकडे बघून कळलं. ताट हातातून खाली ठेवलं तिने, पडू दिलं नाही. एवढंच म्हणाली, "अगं बाई."

परत चालू कसं करायचं ते बाईंनी मला शिकवून ठेवलं होतं. शेवटची फ्लॉपी घालायची, सात इंग्रजी अक्षरं मारायची, मग फ्लॉपीचा नंबर. मी एका बोटाने मारली. पंखा घरघरला. आकडे पुढे सरकायला लागले, जसं काही झालंच नाही.

"बोलायचं नाही," मी कमलला म्हटलं. "एक झटका. कुणाला कळतंय."

मी जन्मभर लोकांना तोंडावर बोलत आलो. मोटर भरून घ्यायला आलेल्या पोलिसालाही मी चोर म्हटलंय. आणि त्या संध्याकाळी बाई देवासहून आल्या, कुंकू बघून हसल्या, "वहिनी, समुद्राची पण पूजा केलीत?" तेव्हा कमलच्या आधी मीच बोललो. "हो, चालूवरच, हळूच लावलं तिने." कमलने माझ्याकडे बघितलं. तसं तिने माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतं.

नऊ दिवस ती धड जेवली नाही. रोज पानावर बसलं की, "सांगू या ना हो." रोज मी, "पूर्ण होऊ दे."

चाळीस दिवस पूर्ण झाले. बाईंनी सगळ्या वर्षांची एक लांब रेघ छापून काढली. कागदाला कागद जोडलेले, तो पट्टा वरच्या पायरीपासून खालच्यापर्यंत सोडला. रेघ डोलत डोलत जिना उतरत होती. हेलकावे तसेच. बाई वर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मग वर जाऊन पुण्याचे कागद छापायला लागल्या. त्यात ठिकठिकाणी अखंड, असा इंग्रजी शब्द. दिवाळीला थोडेच दिवस राहिले होते.

मी ड्रिल चालवत होतो. बंद केलं तेव्हा वरून कमलचा आवाज येत होता. मी जिन्याखाली जाऊन उभा राहिलो.

"मीच बंद केली, बाई. खंडेनवमीला. मीच परत चालू केली. यांना माहीत नाही. ते खाली होते."

छपाईची करकर थांबली. मग बाईंनी विचारलं, "बंद किती वेळ होती?"

"आरती होईपर्यंत."

मग पट्टा उलगडल्याचा आवाज. "वहिनी, या पायरीवर उभ्या राहा. नाही, अजून एक खाली. इथे. ही तुमची नवमी." कमल रेघेवर उभी. मला तिची फक्त टाच दिसत होती. "दिसतंय काही? धक्का, वळण?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"मलाही दिसत नाही. समुद्राला पत्ताही लागला नाही, वहिनी. आणि त्याआधीचे एकतीस दिवस तर कुणी हातही लावला नव्हता." मग आवाज बदलला. "पण मी अखंड लिहिलंय. ते काढावं लागेल."

त्या पहिल्यांदा बसल्या. जिन्यातच, सातव्या पायरीवर. मांडीवर कागद घेऊन एकेका ठिकाणचा तो शब्द खोडत गेल्या. बारा ठिकाणी होता.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर एसटीडी बूथवर गेलो. पुण्याच्या त्यांच्या सरांना फोन. मला काचेतून त्यांचंच ऐकू येत होतं. "नाही सर... एकतीस दिवस, सर... पूजेसाठी... पूजा, सर! कॉम्प्युटरची... हो, बंद करून... नाही सर, तसं नाही लिहिता येणार."

बाहेर आल्या. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, पूजेचं लिहू नका, कोण बघायला येतंय."

"मग?"

"मग काय. लिहिलंय." आणि भराभरा चालायला लागल्या. बूथपासून घरापर्यंत दहा मिनिटांची वाट. मी त्यांच्या शेजारून चालत होतो आणि एकदाही तोंड उघडलं नाही.

त्या पास झाल्या, सांगून टाकतो. कमलला पत्र आलं. परीक्षक अर्धा तास पूजेवरच विचारत बसले होते, सगळे हसले, आणि शेवटी तेच म्हणाले की एकतीस दिवस मला पुरे. पुढे त्यांना गोव्याकडे, समुद्राशीच नोकरी मिळाली. सामान न्यायला टेम्पो आला, बाई आल्या नाहीत.

कमलचा त्या पत्रावर विश्वास बसला नाही. दयेने पास केलं म्हणायची. त्यानंतर तिने एकाही यंत्राला कुंकू लावलं नाही. दर खंडेनवमीला ताट माझ्यापुढे ठेवून, "तुम्हीच लावा," म्हणून आत जायची. तिला दोन गोष्टी सलत होत्या. मशीन बंद केलं ती एक. आणि माझ्यासाठी बाईंशी खोटं बोलली ती दुसरी. "देवमाणसाशी खोटं बोलले हो," अशी गेल्या वर्षी आजारातही बोलली. पहिलीवर माझ्याकडे उपाय नव्हता. दुसरी मी एका वाक्यात काढली असती. काढली नाही. कारण ते वाक्य बोलायचं तर मी जिन्याखाली उभा होतो हेही सांगावं लागलं असतं.

बाई परीक्षेसाठी पुण्याला निघाल्या त्या दिवशी सकाळी दारात रिक्षा उभी होती. काखेत तो पट्टा गुंडाळून घेतलेला, भैरवगढची निळी साडी, हातात पेन्सिल. कमलने दारात दही दिलं, ते उभ्यानेच खाल्लं. रिक्षात चढल्या, परत उतरल्या, माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात विचारलं, "भाऊ, एक वेळ लिहायची राहिलीय. मशीन बंद झालं की त्यातलं घड्याळ मागे जातं. तुम्ही परत चालू किती वाजता केलंत?"

कमलला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. रागाचं काही नव्हतं. खरंच नुसती वेळ हवी होती.

"साडेदहा वाजून गेले होते," मी म्हटलं. "पाच मिनिटं वर."

त्यांनी पट्ट्याच्या कडेला ते लिहिलं, पेन्सिल केसांत खोचली आणि रिक्षात चढल्या. रिक्षा वळेपर्यंत आत पुढे सरकून, दांडा धरून, अर्ध्या उभ्याच होत्या.

कमलने दारातून विचारलं, "काय विचारत होत्या हो?"

मी म्हटलं, "गाडीची वेळ."